काउंटरवरच्या जेवणाची टिप: भिडेने की मनाने?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, तसेच मुलाबाळांकडे काही महिन्यांसाठी येऊन राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांत अलीकडे एक विषय वारंवार येतो आहे. ज्या उपाहारगृहांत आपणच काउंटरसमोर उभे राहून ऑर्डर द्यायची, तेथेच पैसे भरायचे आणि बहुधा आपला ट्रेही आपणच उचलून आणायचा, तेथे टिप द्यावी का, आणि द्यायची झाल्यास किती? टेबलापाशी येऊन वेटर वाढतो त्या रेस्टॉरंटचा रिवाज आता बहुतेकांच्या अंगवळणी पडला आहे. गोंधळ आहे तो काउंटरचा. म्हणून या अंकातील सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रांतील केवळ आवश्यक तेवढाच भाग येथे घेतला आहे.

प्रश्न : मी सहा महिन्यांसाठी मुलीकडे आले आहे. परवा मी एकटीच सँडविचच्या एका दुकानात गेले. ऑर्डर घेणाऱ्या मुलाने पैसे भरण्याचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्यावर १८, २० आणि २५ टक्के असे तीन मोठे चौकोन होते. मागे रांग, समोर तो मुलगा. मी घाबरून २० टक्क्यांवर बोट ठेवले. बाहेर आल्यावर मनात आले की त्याने केवळ माझी ऑर्डर यंत्रात भरली, सँडविच तर मीच उचलून आणले. माझे चुकले का? आणि पुढच्या वेळी टिप दिली नाही तर त्या मुलाचा अपमान होईल का?

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही. बारा डॉलरच्या सँडविचवर तुम्ही दोन डॉलर चाळीस सेंट अधिक दिलेत. ते कोणाच्या तरी उपयोगी पडतील. तरीही तुमच्या मनात जी शंका आली ती योग्यच आहे, आणि तिचे उत्तर नीट द्यायचे तर १५ किंवा २० टक्क्यांचा हा हिशेब मुळात कोठून आला ते आधी पाहावे लागेल.

या देशाच्या संघीय कायद्यानुसार तासाचे किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. मात्र ज्यांना नेहमी टिप मिळते अशा कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, १९६६ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे, मालकाला त्या टिपचा काही भाग वेतनात धरता येतो. त्यामुळे अनेक राज्यांत टेबलावर वाढणाऱ्या वेटरला मालकाच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. उरलेली रक्कम ग्राहकांच्या टिपमधून भरून निघावी असे कायदाच गृहीत धरतो; ती भरून निघाली नाही तर कमी पडलेली रक्कम मालकाने द्यायची असते. म्हणजेच टेबलावरची टिप ही नावाला बक्षिसी असली तरी व्यवहारात तो पगाराचाच भाग असतो, आणि म्हणूनच तेथे ती न देणे हे केलेल्या कामाचे पैसे बुडवण्यासारखे मानले जाते. माझेही मत तेच आहे. टेबलावर बसून वाढून घ्यायचे असेल तर १८ ते २० टक्के मनात धरूनच घरातून निघावे.

काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलाची स्थिती सहसा वेगळी असते. त्याला बहुतेक ठिकाणी पूर्ण किमान वेतन किंवा त्याहून थोडे अधिक मिळते आणि टिप ही त्यावर वरकड असते. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेव्हाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत तर टिप वेतनात धरण्याची सवलत कोणत्याही मालकाला नाही; त्यातही कॅलिफोर्नियात मोठ्या साखळी फास्ट फूड दुकानांसाठी एप्रिल २०२४ पासून तासाला २० डॉलर किमान वेतन लागू आहे. अर्थात ‘सहसा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. महिन्याला ३० डॉलरपेक्षा अधिक टिप नियमितपणे मिळणाऱ्या कोणालाही संघीय कायदा ‘टिप मिळणारा कर्मचारी’ मानतो, आणि त्यामुळे काही राज्यांत काउंटरवर वाढणाऱ्यालाही कमी मूळ वेतनावर ठेवणे मालकाला शक्य असते. शिवाय तासाला ७.२५ डॉलरमध्ये या देशातील कोणत्याही शहरात एकट्या माणसाचाही संसार नीट चालत नाही, हेही विसरता येत नाही. तरीसुद्धा टेबलावरचा २० टक्क्यांचा दर, ज्या कारणासाठी तो रूढ झाला ते कारण मागे टाकून, जसाच्या तसा काउंटरवर आणणे मला पटत नाही.

आता अपमानाविषयी. स्क्रीनवर कोणते आकडे दिसावेत हे तो मुलगा ठरवत नाही. ते दुकानाचा मालक ठरवतो, किंवा ती यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने आधीपासून भरलेले आकडे तसेच राहू दिलेले असतात. स्क्रीन तुमच्याकडे वळवताना तो जे बोलतो, ‘आता येथे एक छोटा प्रश्न येईल’ अशा अर्थाचे, तेही बहुधा त्याला शिकवलेले वाक्य असते, आणि ते दिवसातून शेकडो वेळा उच्चारताना त्यालाही अवघडल्यासारखे होत असते. मोठे आकडे समोर ठेवण्यामागे हिशेब असतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सींमधील स्क्रीनवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की सुचवलेले टक्के वाढवले की सरासरी टिप वाढते, पण त्याचबरोबर काही प्रवासी चिडून काहीच देत नाहीत. तेव्हा तुमच्या बोटाला जी घाई झाली ती तुमच्या स्वभावातील दोषामुळे नव्हे; त्या मांडणीचा उद्देशच तो असतो. ‘टिप नाही’ हा पर्याय बहुधा खाली, लहान अक्षरांत असतो, आणि ‘कस्टम’ असे लिहिलेल्या जागी स्वतःच्या मनाचा आकडा घालता येतो. तो शोधायला तीन-चार सेकंद लागले तर लागू द्यावेत. मागची रांग तेवढी थांबते.

तुम्ही काही दिले नाही तर तुम्ही एकट्या पडाल असेही नाही. प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये अमेरिकी प्रौढांची जी पाहणी केली, तीत टेबलावर बसून जेवताना नेहमी किंवा बहुतेक वेळा टिप देतो असे ९२ टक्के लोकांनी सांगितले. कॉफीच्या दुकानात तसे करणारे २५ टक्के होते आणि काउंटरवर ऑर्डर देऊन खाण्याच्या दुकानांत केवळ १२ टक्के. त्याच पाहणीत ७२ टक्के लोकांचे म्हणणे होते की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता अधिक ठिकाणी टिपची अपेक्षा केली जाते. म्हणजे तुमचा गोंधळ हा नव्याने आलेल्या पाहुण्याचा नाही. येथे जन्मलेली माणसेही त्याच स्क्रीनपुढे त्याच विचारात उभी असतात.

माझे स्वतःचे धोरण सांगते. तयार वस्तू उचलून हातात दिली तर मी टिप देत नाही आणि त्याबद्दल मनात किंतु ठेवत नाही. कोणी आपल्यासाठी काही हाताने तयार केले, चार सूचना ऐकून घेतल्या, एखादा घटक वगळा म्हटले तर तो लक्षात ठेवून वगळला, तर एक डॉलर, कधी दोन. ज्या दुकानात आपण आठवड्यातून चार वेळा जातो आणि आपल्याला काय लागते ते न सांगता ओळखले जाते, तेथे त्याहून अधिक. टक्केवारी मी काउंटरवर मोजतच नाही. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात. भिडेने दिलेल्या पैशांत देणाऱ्याला समाधान नसते आणि घेणाऱ्याला त्यातला आदर दिसत नाही. काही दिले नाही तरी मान वर करून, त्या मुलाकडे पाहून, ‘थँक यू’ स्पष्ट म्हणावे. अपमान होतो तो नजर चुकवून, फोनवर बोलत बोलत कार्ड पुढे केल्याने. तसे कोणाशीच वागू नये.

प्रश्न : काही ठिकाणी काउंटरवर ऑर्डर द्यावी लागते, पण मग हातात एक क्रमांक देतात, जेवण टेबलावर आणून ठेवतात, मध्येच येऊन पाणी भरतात आणि शेवटी ताटेही उचलतात. अशा ठिकाणी काय करावे? आम्ही सहा जण होतो आणि दोन लहान मुले होती. पैसे भरताना पुढे किती सेवा मिळणार हे ठाऊक नव्हते, म्हणून मी काही दिले नाही. निघताना मात्र फार ओशाळल्यासारखे झाले.

उत्तर : तुमच्या पत्रातील अडचण खरी आहे, आणि ती या पद्धतीच्या मुळाशीच आहे: सेवा मिळण्यापूर्वीच तिचे मोल ठरवायला सांगितले जाते. टेबलावरच्या जेवणात आधी जेवण, मग बिल, मग टिप असा क्रम असतो. येथे तो उलटा होतो आणि ग्राहकाला एकतर आंधळेपणाने द्यावे लागते किंवा आंधळेपणाने नाकारावे लागते.

यावर मला सापडलेला साधा उपाय म्हणजे खिशात एक-एक आणि पाच डॉलरच्या थोड्या नोटा ठेवणे. कार्ड वापरताना स्क्रीनवर काही देऊ नये, जेवताना काय काय घडते ते पाहावे, आणि निघताना टेबलावर किंवा काउंटरवरच्या बरणीत पैसे ठेवावेत. कोणी ठरावीक माणसाने आपल्याकडे लक्ष दिले असेल तर त्याच्याच हातात द्यावेत, म्हणजे ते कोणासाठी आहेत याविषयी शंका राहत नाही. रकमेचा विचार करताना मी असे पाहते की माणसे किती वेळा आपल्या टेबलापर्यंत चालत आली. केवळ एकदा ट्रे आणून ठेवला तर दोन-तीन डॉलर पुष्कळ झाले. पाणी भरले, काही हवे का विचारले, ताटे उचलली, तर ते काम वेटरच्या कामाच्या बरेच जवळ जाते आणि १० ते १५ टक्के देणे मला न्याय्य वाटते. बुफे असलेल्या जागीही हेच लागू होते. तेथे आपण आपले वाढून घेतो, पण उष्टी ताटे कोणीतरी पुन्हा पुन्हा उचलत असते, आणि त्या माणसाला १० टक्क्यांच्या आसपास मिळावे.

लहान मुलांचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून आणखी एक गोष्ट. मुले बरोबर असली की टेबलाखाली पसारा होतोच आणि त्यात वाईट काही नाही. मात्र तो कोणाला तरी वाकून, गुडघ्यांवर बसून आवरावा लागतो. निघण्यापूर्वी मोठे तुकडे आपण कागदी रुमालाने गोळा करावेत आणि वर दोन-चार डॉलर अधिक ठेवावेत. टिप देण्याचे याहून सबळ कारण काउंटरच्या जेवणात क्वचितच मिळेल.

तुम्ही त्या दिवशी काही दिले नाही याचा आता खेद करू नका. ते दुकान घराजवळ असेल तर पुढच्या खेपेस भरपाई करता येईल.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेज शिकता शिकता एका कॅफेच्या काउंटरवर काम करतो. तेथील मॅनेजर रोज रात्री टिपच्या बरणीतील आणि कार्डवरून आलेल्या टिपमधील एक वाटा स्वतः घेतो. मुलगा म्हणतो की सगळीकडे असेच चालते. हे खरे आहे का? आणि मग ग्राहकांनी टिप द्यावी तरी कशाला?

उत्तर : असे चालत असेल, पण कायद्याने ते चालू शकत नाही. २०१८ मध्ये संघीय कायद्यात झालेल्या बदलानंतर मालकाला, मॅनेजरला किंवा देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला कर्मचाऱ्यांच्या टिपमधील कोणताही भाग ठेवून घेण्यास मनाई आहे. मालक पूर्ण किमान वेतन देत असला तरीही ही मनाई कायम राहते. मॅनेजरने स्वतः एकट्याने एखाद्या ग्राहकाची सेवा केली आणि त्या ग्राहकाने त्यालाच टिप दिली, तर तेवढी त्याला ठेवता येते. पण सर्वांच्या एकत्रित बरणीत हात घालता येत नाही. येथे एक खुलासा केला पाहिजे. पदाचे नाव काय आहे यावर हे ठरत नाही, प्रत्यक्ष अधिकारांवर ठरते. ज्याला ‘शिफ्ट लीड’ म्हणतात, पण जो इतरांसारखाच दिवसभर कॉफी करतो आणि ज्याला माणसे नेमण्या-काढण्यात काही स्थान नाही, तो कायद्याच्या दृष्टीने बहुधा मॅनेजर ठरत नाही. तेव्हा तो माणूस नेमके काय काम करतो, हे तुमच्या मुलाने आधी शांतपणे पाहावे.

टिप एकत्र करून सर्वांत वाटणे मात्र वैध आहे. मालक सर्वांना पूर्ण किमान वेतन देत असेल तर त्या वाटपात स्वयंपाकघरातील आणि भांडी घासणाऱ्या माणसांनाही सामील करून घेता येते, आणि मला ती पद्धत मनापासून आवडते. ग्राहकाला दिसतो तो काउंटरवरचा हसरा चेहरा. आत तापलेल्या तव्यापुढे उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही, पण जेवण चांगले लागते ते त्याच्यामुळे.

कार्डवरच्या टिपबद्दल आणखी एक तपशील आहे. कार्ड कंपनी जे शुल्क घेते, त्यातला टिपच्या वाट्याला येणारा भाग कापून घेण्याची मुभा संघीय कायदा मालकाला देतो. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत तेवढीही कपात चालत नाही. कापणे आणि खिशात घालणे यांतला फरक मुलाने ध्यानात ठेवावा.

त्याने आजपासून एका वहीत आपले कामाचे तास आणि हाती आलेली टिप रोजच्या रोज, तारखेनिशी लिहून ठेवावी. पुढे कामगार खात्याच्या वेतन व तास विभागाकडे जाण्याची वेळ आली तर ही वही फार कामी येते. तक्रार केल्याबद्दल नोकरीवरून काढणे किंवा तास कमी करणे यालाही कायद्याने मनाई आहे. आधी मालकाला समजुतीने विचारून पाहावे, कारण पुष्कळदा मॅनेजर काय करतो हे मालकाला ठाऊकच नसते. ही वही करासाठीही लागेल. एका महिन्यात एका मालकाकडे २० डॉलर किंवा अधिक टिप मिळाली तर ती पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला कळवावी लागते. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी पात्र कर्मचाऱ्यांना टिपच्या उत्पन्नातून २५,००० डॉलरपर्यंत वजावट घेण्याची तरतूद झाली आहे. ती आयकरापुरती आहे, टिपची नोंद करणे त्याने सुटत नाही.

ग्राहकांनी टिप द्यावी कशाला, असे तुम्ही उद्वेगाने विचारले आहे. एका माणसाने वाटा लाटला म्हणून इतर पाच जणांचे काम कमी मोलाचे होत नाही. ग्राहक म्हणून मला शंका आली तर मी काउंटरवरच्या व्यक्तीला हळूच विचारते, ‘ही टिप तुम्हाला मिळते ना?’ उत्तर खरे मिळते असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझे पती प्रत्येक काउंटरवर कॅशिअरला ऐकवतात, ‘तुझा पगार तुझ्या मालकाने द्यावा, मी का देऊ?’ मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे होते. त्यांचे म्हणणे असे की टिप ही अन्यायकारक प्रथा आहे आणि ती मोडली पाहिजे. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : तुमच्या पतींचा मुद्दा मला हलका वाटत नाही. हा प्रश्न या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ पेटता राहिलेला आहे. यादवी युद्धानंतर ही प्रथा येथे पसरली तेव्हा ती समतेच्या तत्त्वाला काळिमा फासणारी आहे असे म्हणणारे पुष्कळ लोक होते. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर बंदी घालणारा कायदा केला आणि पुढील काही वर्षांत मिसिसिपी, अर्कान्सॉ, आयोवा, साउथ कॅरोलिना आणि टेनेसी या राज्यांनीही तसे कायदे केले. १९२६ पर्यंत ते सर्व मोडीत निघाले. त्याच काळात पुलमन कंपनीच्या रेल्वेतील शयनयानांत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर, ज्यांच्या पहिल्या पिढीतील अनेक जण गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले होते, तुटपुंज्या पगारावर आणि प्रवाशांच्या मर्जीवर जगत होते. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार करून पगारवाढ मिळवली. मालकाने पगार द्यावा ही मागणी इतकी जुनी आणि इतकी प्रतिष्ठित आहे, आणि ती यशस्वी झाली ती मालकासमोर मांडल्यामुळे. पोर्टरला डब्यात गाठून ऐकवणाऱ्या प्रवाशाने त्यात कोणतीच भर घातली नाही.

आपल्या काळातही हे प्रयत्न चालू आहेत. न्यूयॉर्कचे उपाहारगृह-व्यावसायिक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप काढून टाकून किमती वाढवण्याचा प्रयोग सुरू केला आणि २०२० मध्ये तो सोडून दिला. टिप मिळणाऱ्यांनाही मालकाने पूर्ण किमान वेतन द्यावे या प्रस्तावाला २०२२ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या मतदारांनी कौल दिला, तर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी तशाच स्वरूपाचा प्रस्ताव फेटाळला. स्वतः वेटर म्हणून काम करणाऱ्यांतही या प्रश्नावर दोन तट आहेत, कारण गर्दीच्या जागी चांगला वेटर टिपमधून जे मिळवतो ते ठरावीक पगारात मिळेल याची त्याला खात्री वाटत नाही. तुमच्या पतींना ही प्रथा मोडावीशी वाटत असेल तर त्यांच्यापुढे मार्ग आहेत: मालकाला पत्र लिहावे, मतदानाचा हक्क असेल तर तो वापरावा, आणि ज्या दुकानांनी टिप मागणे बंद केले आहे तेथे थोडे अधिक दाम देऊन आवर्जून जावे.

काउंटरमागची मुलगी यातले काहीही करू शकत नाही. ती उलट बोलली तर तिची नोकरी जाईल, गप्प राहिली तर तिला ते गिळावे लागते. ज्याला प्रत्युत्तर देता येत नाही त्याला बोल लावणे हे मला टिप न देण्यापेक्षा कितीतरी वाईट वाटते, आणि हे त्यांना सांगताना माझे नाव घ्यायला तुम्हाला माझी पूर्ण मोकळीक आहे. काउंटरवर टिप न देण्याचा त्यांना अधिकार आहे. तो बोटाने बजावावा, जिभेने नव्हे.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी ४० माणसांचे जेवण एका काउंटरच्या दुकानातून न्यायचे आहे. आम्हीच जाऊन आणणार आहोत. एरवी घरी नेण्याच्या ऑर्डरवर मी टिप देत नाही; येथेही तोच नियम का?

उत्तर : एक-दोन माणसांचे जेवण पिशवीत घालून देणे आणि ४० माणसांचे जेवण वेळेवर तयार ठेवणे यांत फार अंतर आहे. कोणीतरी सकाळी लवकर आलेले असते, प्रत्येक डब्यावर नाव घातलेले असते, डाव, ताटल्या आणि रुमाल मोजलेले असतात, आणि बहुधा सर्व सामान तुमच्या गाडीपर्यंत आणूनही दिले जाते. अशा वेळी १० टक्के द्यावेत. पोहोचवून मांडणीही करून दिली तर १५.

त्यापूर्वी बिल मात्र नीट वाचावे. मोठ्या ऑर्डरवर अनेकदा सेवा शुल्क आधीच लावलेले असते. अमेरिकी कर खात्याने २०१२ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, रक्कम ग्राहकाने स्वेच्छेने आणि स्वतः ठरवून दिलेली असेल तरच ती टिप; दुकानाने परस्पर लावलेली रक्कम, तिला नाव काहीही दिले तरी, सेवा शुल्कच होय. ते शुल्क दुकानाच्या उत्पन्नात जमा होते आणि कर्मचाऱ्यांपर्यंत ते पोहोचेलच असे नाही. म्हणून ऑर्डर देतानाच विचारावे की हे पैसे कर्मचाऱ्यांना मिळतात का. मिळत असतील तर आणखी काही देण्याची गरज नाही. स्क्रीनवरील टक्के कर धरून आलेल्या एकूण रकमेवर काढलेले आहेत का, हेही पाहावे. ४० माणसांच्या बिलात त्याने बराच फरक पडतो, आणि टिप कराआधीच्या रकमेवर मोजणे पूर्णपणे योग्य आहे.

प्रश्न : बरणीत सुटी नाणी टाकणे अपमानास्पद आहे का?

उत्तर : नाही. हाती आलेली सुटी नाणी बरणीत टाकण्याची पद्धत स्क्रीन येण्याच्या फार पूर्वीपासूनची आहे. केवळ पाकिटातील नकोशी झालेली सेंटची नाणी रिकामी करू नयेत.

प्रश्न : काउंटरवर मालक स्वतःच उभा असेल तर?

उत्तर : मालकाला टिप देऊ नये हा जुना संकेत आहे, कारण नफा त्याचाच असतो. एकट्याने चालवलेल्या लहान दुकानात नफा म्हणजे त्याची मजुरीच असते, हे खरे. पण तेथेही पुन्हा येणे, चार जणांना सांगणे, हे त्याच्या अधिक उपयोगी पडते. तुम्ही दिलीत आणि त्याने ती बरणीत टाकून नोकरांसाठी ठेवली, तर उत्तमच.

प्रश्न : एका ठिकाणी माणूसच नव्हता. मी यंत्रावर ऑर्डर दिली, यंत्रानेच टिप मागितली. ती कोणाला जाते?

उत्तर : कायद्याने ती कर्मचाऱ्यांचीच, म्हणजे जेवण तयार करून फळीवर ठेवणाऱ्यांची. पण कोणाला आणि किती हे तुम्हाला तेथे उभे राहून कळण्याचा मार्ग नसतो, आणि तुमची सेवा कोणी प्रत्यक्ष केलेली नसते. येथे मी निःशंकपणे ‘नाही’ म्हणते.

प्रश्न : घाईत माझ्याकडून २५ टक्क्यांवर बोट पडले. तसेच सोडून दिले. परत मागता आले असते का?

उत्तर : आले असते. ‘माझ्याकडून चुकीचे बटण दाबले गेले, दुरुस्त कराल का?’ एवढे सांगितले की काउंटरवरचा माणूस तो व्यवहार रद्द करून पुन्हा सुरू करू शकतो, आणि असे दिवसातून अनेकदा होत असल्याने त्याला त्यात नवल वाटत नाही. तेथून निघून आला असाल आणि रक्कम मोठी असेल तर पावती घेऊन त्याच दिवशी परत जावे, कारण दिवसाचा हिशेब बंद होण्यापूर्वी हे काम सोपे असते.